ब्रूनोला करमंना झालंय

काही माणसांना स्वतःला भूक म्हणून कधी लागत नाही. घरी पाहुणा आला की 'यांना भूक लागली असंल' म्हणून ती ताटं मांडायला लावतात, आणि पाहुणा नुसत्या चहावर उठून गेला तरी दोन कडक भाकऱ्या शेंगाचटणीशी संपवून हात धुतात. थंडीही समोरच्यालाच वाजते. खिडकी मात्र यांच्या पाठीमागची बंद होते. आमच्या शेजारचे अण्णा या कुळातले. सत्तरी गाठेपर्यंत अण्णांना कधी करमेनासं झालं नाही. करमत नसे ते कायम दुसऱ्या कुणाला तरी.

त्यांची हयात चाटी गल्लीत, चादरीच्या दुकानात गेली. दुकान शेटचं, पण गिऱ्हाइकाला वाटायचं की गल्ल्यावर बसलेला माणूस अण्णांनी पगारावर ठेवलाय. महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन पहिल्यांदा मिळालं ते सोलापुरी चादरीला, हे ते परगावच्या माणसाला अशा थाटात सांगत की अर्जावर सही यांचीच असावी. आणि एकटी चादर त्यांनी कधी विकली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "एकच द्या." अण्णा चादरीवरून लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत म्हणायचे, "देतो की. पर ही तिथं जाऊन एकटी काय करंल?" एक न्यायला आलेली बाई दोन घेऊन जायची आणि दोन न्यायला आलेली चार. या हिशेबानं त्यांनी शेटचा मुलगा शिकवला, शेटचा बंगला बांधला आणि शेवटी स्वतः जुळे सोलापुरात तीन खोल्या बांधल्या. जुळे सोलापूर हे नाव पाहूनच त्यांनी जागा घेतली, असं त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात.

सवय दुकानात राहिली नाही. अंगणात एक जास्वंद होती, तिच्याशेजारी दुसरी आली. चहाच्या टपरीवर अण्णा एकटे चहा पीत नाहीत. ओळखीचं कुणी दिसेपर्यंत कप हातात धरून उभे राहतात. न्हाव्याकडे जातानासुद्धा मला घेऊन जातात. एकदा मी म्हटलं, "अण्णा, माझे केस परवाच कापलेत." म्हणाले, "तुम्ही नुसतं बसा. त्याला बी बोलायला कुणी लागतं की." न्हाव्याला.

निवृत्तीनंतरही ते महिनाभर रोज दुकानात जात राहिले. का? तर शेटला करमंना झालंय. शेटच्या मुलानं तोवर मोबाइलवरून चादरी विकायला सुरुवात केली होती. मोबाइल एकटी चादरही विकतो, काही विचारत नाही. त्यानं अण्णांना मानानं चहा पाजला, मानानं रिक्षा बोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णा म्हणू लागले की शेटला आता सवय झाली. मग पुण्याच्या नातवाला करमंना झालं. अण्णा 'हुतात्मा' गाडीनं पुण्याला गेले. नातू शाळेतून क्लासला आणि क्लासमधून टॅबवर जात होता, त्यातून आजोबांची सोबत करायला त्याला वेळ निघेना. आठवड्याच्या आत अण्णा परत. या वेळी तुळशीला करमंना झालं होतं.

ब्रूनो हा त्या नातवाचाच. २०२० च्या टाळेबंदीत मुलगा, सून, नातू सोलापूरला येऊन राहिले. मुलगा माडीवर बसून हिंजवडीचं काम करायचा आणि खाली नातवानं हट्ट धरून आणलेलं लॅब्रडॉरचं पिवळं पिल्लू वहिनींच्या पायपुसण्याच्या चिंध्या करायचं. २०२२ मध्ये कंपनीनं बोलावल्यावर तिघं पुण्याला गेले. सोसायटीत कुत्र्याला परवानगी होती, सुनेची नव्हती. 'दोन महिन्यांसाठी ठेवा' म्हणून ब्रूनो राहिला. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. महाराष्ट्रात त्या दोन वर्षांत आणलेली किती कुत्री आज आजीआजोबांकडे नांदत असतील, ते एकदा मोजायला हवं. वहिनींनी 'ब्रूनो'चं लगोलग 'बुरण्या' केलं, आणि तो त्या नावाला जास्त लवकर येतो, कारण त्या हाकेमागं भाकरी असते.

ब्रूनो सुखी प्राणी होता. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ च्या पुढं जातो तेव्हा तो शहाबादी फरशीवर चारही पाय चार दिशांना टाकून पालथा पडायचा आणि फरशी तापली की वितभर सरकायचा. दिवसभरात घरभर असा एक फेरा पुरा व्हायचा. त्याला दुःख एकच, दोन जेवणांच्या मधला वेळ. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा दोष सगळा त्याचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की साधारण चौथा हिस्सा लॅब्रडॉरांत एक जनुक बिघडलेला असतो आणि त्यामुळं त्यांचं पोट भरल्याची वर्दी मेंदूला नीट पोचत नाही. वहिनींनी हे शांतपणे ऐकलं आणि अण्णांकडं एकदा पाहिलं.

तर अशा या ब्रूनोला करमंना झालंय, असं अण्णांनी एका सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून मला जाहीर केलं.

"कशावरून?"

"दिवसभर फाटकाकडं बघत बसतंय बिचारं. कुणी बोलायला नाही. त्याच्या जातीचं, त्याच्या भाषेतलं कुणीतर पाहिजे का नको? मी त्याला दुसरं पिल्लू आणलालोय. सोबतीला."

आतून वहिनींचा आवाज आला, "फाटकाकडं कोण बघत बसतंय ते मला स्वैपाकघरातून दिसतंय. आणि बुरण्यानं मला तर काय सांगितलं नाही."

पुढं कैक दिवस त्या भिंतीवर मोठा शास्त्रार्थ झाला. अण्णांनी सुरुवातीलाच दत्ताला आणलं. अक्कलकोट इथनं चाळीस किलोमीटर, दर गुरुवारी माणसं चालत जातात, तिथं तसबिरीत बघा: दत्ताच्या पायाशी कुत्री किती? चार! देवानंसुद्धा एकटं कुत्रं ठेवलं नाही. वहिनी भाजी निवडत म्हणाल्या, "ते चार वेद आहेत. वेदांना आंघोळ घालावी लागत नाही." हा मुद्दा वजनदार होता. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही येईल तेव्हा. पिंप, बादल्या, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवणाऱ्या बाईला आणखी एका कुत्र्याचं अंघोळीचं पाणी कुठल्या भांड्यात साठवायचं हा प्रश्न वेदांताचा नव्हता. मग त्याच म्हणाल्या, "आणि धर्मराजाबरोबर स्वर्गाला गेलं ते कुत्रं किती होतं? एक. भाऊ पडले, बायको पडली, ते एकटं शेवटपर्यंत गेलं. त्याला नाही कुणी सोबत लागली."

"तो यमधर्म होता कुत्र्याच्या रूपात. त्याला करमतंय कुठंबी."

मी बाळ्याच्या खंडोबाचं नाव काढून बघितलं. खंडोबाबरोबर कुत्रं एकच असतं.

"घोडा हाय की सोबतीला," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांकडं सल्ल्याला गेलो. गेलो म्हणजे मीही गेलो, कारण डॉक्टरांना बोलायला कुणी लागतं. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं पद्धतशीर सांगितलं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. लसी वेळच्या वेळी द्या, रेबीजची तीन महिन्यांनंतर. एकाच विणीतली दोन आणू नका. ती एकमेकांतच रमतात, माणसाला विचारत नाहीत. दोघांची पहिली भेट घरात नको, मोकळ्या जागेत करा, म्हणजे जुन्याला वाटणार नाही की घर गेलं. खायची भांडी वेगळी, जागा वेगळ्या, आणि मान आधी थोरल्याचा. शेवटी म्हणाले, "आणि धाकटं शिकतं ते थोरल्याकडून. तेव्हा आधी या ब्रूनोला वळण लावा. नाहीतर एकाच्या जागी दोन ब्रूनो होतील." अण्णा पायऱ्या उतरताना खूश दिसले. "ऐकलं ना? डॉक्टर म्हणाले दोन होतील."

पिल्लू कुठलं आणायचं हे अण्णांनी दुकानदारीच्या डोळ्यानं ठरवलं: माल मूळ गावातून घ्यायचा. विजापूर ओलांडून खाली मुधोळ. घोरपड्यांचं जुनं संस्थान, आता बागलकोट जिल्ह्यात. तिथली शिकारी कुत्री पंचक्रोशीत नावाजलेली; आपल्याकडं धनगरांच्या मेंढरांबरोबर दिसतात, त्यांना कारवान म्हणतात. "नुसतं बघायला जाऊ," अण्णा म्हणाले. पिल्लू नुसतं बघायला गेलेला माणूस आणि मुलगी नुसती बघायला गेलेला माणूस यांत फरक इतकाच की दुसऱ्याला घरी विचारून कळवण्याची मुभा असते.

टाकळीला भीमा ओलांडली तशी अण्णांनी केळी घेतली. फण्यातलं एक गळून वेगळं पडलं होतं, ते घेतलं नाही. दुसरं गळलेलं शोधून दोन्ही घेतली.

शेतकरी मोठा बोलका निघाला, अर्धं कानडी, अर्धं मराठी. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली, ही हकीकत त्यानं काल घडल्यासारखी सांगितली. अण्णांनी मला कोपरानं ढोसलं: राजानं राजाला द्यायचं तर एकटं नाही दिलं, जोडी दिली. २००५ मध्ये टपाल खात्यानं काढलेलं तिकीट त्यानं मोबाइलवर दाखवलं. २०१६ मध्ये ही कुत्री लष्करानं मेरठला शिकवायला नेली; देशी जातीतली पहिली. अण्णांच्या डोळ्यांपुढं ब्रूनो सीमेवर निघाल्याचं मला दिसू लागलं. तेवढ्यात पिल्लांची आई आली. लांब पाय, आत गेलेलं पोट, मोजता येतील अशा बरगड्या. अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "ह्या बाईला तुम्ही खायला देत नाही का?" शेतकऱ्याचा चेहरा पडला. वाऱ्यासारखं पळणाऱ्या कुत्रीबद्दल असं बोलणं म्हणजे पैलवानाला 'तुम्हाला सूज आली का' विचारण्यासारखं होतं. ते मी कसंबसं सावरलं.

अण्णांनी एक पिल्लू उचललं. ते लगेच त्यांच्या बंडीची गुंडी चघळू लागलं. व्यवहार तिथंच संपला होता, पण शेतकऱ्यानं उरलेल्यांतलं दुसरं उचललं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दोन न्या की सावकार. हे तिकडं जाऊन एकटं काय करंल?"

अण्णांचा हात हवेत थांबला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलेलं वाक्य समोरून येताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते काही बोलेनात. नाइलाज झालेल्या माणसाचा चेहरा मी चाटी गल्लीत अनेकदा पाहिला होता, पण काउंटरच्या अलीकडे. मी घाईघाईनं म्हटलं, "घरी एक आहे, आणि डॉक्टरांनी एका विणीतली दोन नको म्हटलंय," आणि त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. टाकळीचा पूल परत येईपर्यंत ते मागं वळून बघत होते. "त्या दुसऱ्याला करमंल का हो?"

पहिली भेट डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणं मोकळ्या प्लॉटवर झाली. ब्रूनोनं पिल्लाला पुढून हुंगलं, मागून हुंगलं, हे खाण्याचं नाही याची खात्री केली आणि घरी जाऊन फरशीवर पडला. सोबतीचा विषय त्याच्याकडून संपला. पिल्लाकडून तो आत्ता सुरू होत होता. दुधाचे दात सुईसारखे असतात; त्यानं ब्रूनोच्या डाव्या कानापासून सुरुवात केली. ब्रूनो सरकला. पिल्लू सरकलं. दिवसभरात पुरा होणारा फरशीचा फेरा पाव तासात पुरा झाला. संध्याकाळी, जन्मात कधी वर न चढलेला ब्रूनो, कण्हत कण्हत दिवाणावर चढून भिंतीकडं पाठ करून बसला आणि फाटकाकडं बघू लागला.

वहिनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता मात्र त्याला खरंच करमंना झालंय बघा."

नाव ठेवायला नातवाला व्हिडिओवर बसवलं. तो 'रॉकी' म्हणाला आणि निघून गेला. पण वहिनींनी पिल्लाची अंगकाठी पाहून 'काड्या' म्हटलं होतं आणि त्याचे उद्योग पाहता तेच टिकलं. त्यानंतर भाषेचा घोळ. ब्रूनो वाढला नातवाच्या इंग्रजीत, त्याला 'कम' आणि 'सिट' कळतं. काड्याचं बालपण कानडीत गेलेलं, त्याला 'बा इल्ली' म्हणावं लागे. अण्णांच्या घरात आपसात तेलुगू, म्हणजे 'रा'. शेजारी म्हणून मी 'ये'. सकाळी फाटकाशी उभं राहून अण्णा एकाच दमात 'कम, बा, रा, ये' ओरडायचे. दोन्ही कुत्री जागची हलायची नाहीत, पण समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई दोनदा चप्पल घालून बाहेर आल्या. हे सोलापुरातच होऊ शकतं, आणि ते मी अभिमानानं सांगतो.

खरी पंचाईत न्यायाची झाली. अण्णांचा नियम असा की जोडीत डावंउजवं नाही. सारखी ताटली, सारखा पट्टा, सारखं माप. पण एक लॅब्रडॉर आणि एक मुधोळचं शिकारी कुत्रं. सारखं माप घालूनही पहिलं पिंपासारखं आणि दुसरं काठीसारखंच राहिलं. शिवाय ब्रूनो आपली ताटली संपवून काड्याच्या ताटलीची विचारपूस करायचा. सहा महिन्यांत रस्त्यानं जाणारी माणसं थांबू लागली. "अण्णा, एकाला तुपाशी आन् एकाला उपाशी? शोभतं का तुम्हाला?" सावत्रपणाचा आळ! ज्यानं केळंसुद्धा एकटं सोडलं नाही त्याच्यावर! अण्णांनी टपाल तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकाशी गाठून दाखवू लागले: बघा, सरकारी तिकिटावर सुद्धा बारीकच आहे. लोक तिकिटाकडं बघत, काड्याकडं बघत, आणि जाताना पिशवीतलं एक बिस्किट काड्याला टाकत. ते ब्रूनो खायचा.

डॉक्टरांचं भाकीत गड्ड्याच्या यात्रेत खरं ठरलं. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, ते बघायला सगळा गाव लोटतो. आमच्याकडं आवाज पुसट येतो, पण ब्रूनोला तेवढा पुरतो. दरवर्षी तो दिवाणाखाली शिरतो. म्हणजे डोकं आणि पुढचे पाय शिरतात, बाकीचा ब्रूनो बाहेर राहतो. या वर्षी अण्णांनी मला मुद्दाम बोलावलं. लष्करात घेतात ती जात, बंदुकीला भीत नाही, ती आता थोरल्याला धीर देणार होती. पहिला बार उडाला. ब्रूनोनं डोकं दिवाणाखाली घातलं. काड्यानं बाराकडं कान टवकारले, ब्रूनोकडं पाहिलं, एक क्षण विचार केला आणि शेजारी जाऊन आपलंही डोकं दिवाणाखाली घातलं. तो सगळाच्या सगळा आत मावला असता. पण दाखवलेली पद्धत अशी होती की मागचा भाग बाहेर ठेवायचा. दोन शेपट्या शेजारी शेजारी थरथरत राहिल्या. अण्णा म्हणाले, "बघा, सोबत म्हणतात ती ही."

आणि खरं सांगायचं तर जमलं त्यांचं. ब्रूनो पुन्हा फरशीवर आला, काड्या त्याच्या पोटाला टेकून झोपायला लागला. दुपारभर दोघं घोरतात. फाटकाकडं कुणी बघत नाही. अण्णा एक ते चार खुर्चीवर बसतात आणि 'कम, बा' म्हणतात, तेव्हा एक शेपूट एकदा हलते.

पण सकाळचं फिरणं राहतं. उन्हाच्या आधी, म्हणजे साडेपाचला, कंबर तलावाकडं. त्यात अडचण अशी की ब्रूनो दर विजेच्या खांबाशी बसतो आणि काड्याला पुढचा खांब आधीच गाठायचा असतो. दोन पट्टे दोन हातांत घेतलेले अण्णा विजापूर रोडवर मधोमध, दोन्ही हात फाकलेले, पुढंही नाहीत आणि मागंही नाहीत, असे मी पहिल्याच आठवड्यात पाहिले. तेव्हापासून काड्याचा पट्टा माझ्याकडं आहे. दोन कुत्र्यांना दोन माणसं लागतात, हे अण्णांनी मला चादरीच्या घडीसारखं उलगडून दाखवलं. वाटेत ते चाटी गल्लीच्या, शेटच्या, जुन्या गिरणीच्या भोंग्याच्या गोष्टी सांगतात. ब्रूनो बसला की आम्ही थांबतो, आणि ब्रूनो फार बसतो.

मागं एकदा मला ताप आला म्हणून मी गेलो नाही. सहाच्या सुमाराला दाराची कडी वाजली. बायकोनं दार उघडलं. अण्णा दोन्ही पट्टे हातात घेऊन जिना चढून आले होते, त्यांना धाप लागली होती.

"सर झोपलेत का? काड्याला त्यांच्याबिगर करमंना झालंय."

काड्या त्या वेळी दारातली माझी एक चप्पल तोंडात धरून जिना उतरायच्या बेतात होता. ब्रूनो पायपुसण्यावर आडवा झाला होता. अण्णांनी उरलेल्या चपलेकडं पाहिलं. ती एकटीच तिथं पडली होती. त्यांच्यानं ते बघवेना. ते वाकले, ती चप्पल उचलली आणि ब्रूनोच्या तोंडात दिली.